मद्रासचा ग्रंथालय-संघ

एखादें चांगलें पुस्तक हातीं पडलें म्हणजे त्याच्या लेखकाचे आपण आभार मानतों, प्रकाशकाच्या धाडसाचें कौतुक करतों, आणि पुस्तक वाचनालयांतून आणलेलें असेल तर ज्या संस्थेनें तें विकत घेऊन ठेविलें तिच्या चालकांसहि क्वचित् धन्यवाद देतों. परंतु हजार पुस्तकांतून नेमकें तेंच काढून ज्यानें आपल्या हातीं दिलें, त्या मनुष्याची आठवण या आभारप्रदर्शनांत बहुधा कोणास होत नाहीं. ग्रंथालयांचे इतिहास लिहिले गेले आहेत. त्यांत देणगीदारांचीं नांवें आहेत, इमारतींचीं वर्णनें आहेत, कोणत्या थोर पुरुषानें कोणत्या सालीं भेट देऊन शेरेबुकांत काय लिहिलें याचाहि तपशील आहे. ग्रंथपालाचें नांव मात्र शोधूं गेल्यास तें जमाखर्चाच्या पानावर 'नोकर पगार' या सदराखालीं कोठें तरी लपलेलें आढळतें. हा मनुष्य आपल्या देशांत जागा केव्हां झाला, आपल्या कामास विद्या म्हणून मान मिळावा असें त्यानें केव्हां म्हटलें, आणि त्यासाठीं लोकांस एकत्र जमवून त्यानें काय मिळविलें, याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. ती मुख्यतः मद्रासेकडील आहे.

आमचें शालेय शिक्षण ज्या तालुक्याच्या गांवीं झालें तेथें एक जुनें वाचनालय होतें. त्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं, कारण तसलीं वाचनालयें महाराष्ट्रांत त्या काळीं पुष्कळ होतीं. तेथें पुस्तकें देण्याघेण्यासाठीं एक वृद्ध गृहस्थ असत. सायंकाळीं दार उघडणें, केर काढणें, वर्तमानपत्रें काठ्यांस अडकविणें, वर्गणीच्या पावत्या फाडणें आणि थकबाकीदारांच्या घरीं खेपा घालणें, हीं सारीं कामें त्यांचींच. पुस्तकांची यादी होती. पण ती पुस्तकें ज्या क्रमानें आलीं त्या क्रमाची. त्यामुळें सार्थ ज्ञानेश्वरीच्या शेजारीं गुप्तहेराची कादंबरी, आणि तिच्या शेजारीं मधुमेहावरील घरगुती उपचार, असा शेजार जुळलेला असे. तरीहि पुस्तक मागितल्यावर अर्ध्या मिनिटांत तें पुढें येई. एवढेंच नव्हे, तर आम्हीं न मागितलेलें पण आम्हांस आवडणारें दुसरें एखादें पुस्तकहि त्यासोबत येई. वेतनांत थोडी वाढ मिळावी म्हणून या गृहस्थांनीं केलेला अर्ज चालकमंडळानें तीन वेळां पुढील सभेवर ढकलला. चौथ्या वेळीं अर्ज करावयास ते राहिले नाहींत. मुलाकडे परगांवीं निघून गेले. त्यानंतर वर्षभर त्या वाचनालयांत कोणासहि कोणतेंहि पुस्तक धड सांपडलें नाहीं. यादी कपाटांत होती, पण ग्रंथालय त्यांच्या डोक्यांत होतें, आणि तें ते बरोबर घेऊन गेले. चालकमंडळींनीं या गैरसोयीचा दोष त्या वृद्धासच दिला, हें आम्हांस अजून आठवतें.

ही आठवण सांगण्याचें कारण असें कीं, ग्रंथालयांच्या बाबतींत महाराष्ट्र मागासलेला होता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें १८४० चें, पुण्याचें १८४८ चें, कोल्हापूरचें १८५० चें. पुढें केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या अभिमानानें ठाण्यास १८९३ त व मुंबईस १८९८ त मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं. इतक्या जुन्या व इतक्या संख्येनें संस्था असतां, त्या चालविण्याचें एक शास्त्र आहे व तें शिकलेला मनुष्य लागतो, ही जाणीव मात्र आपल्याकडे उशिरा आली. संस्था काढणें हा आमचा गुण. संस्थेंतील नोकराकडे पाहण्याची आमची दृष्टि ही त्या गुणाची काळी बाजू.

याला एक सन्मान्य अपवाद होता, तो बडोद्याचा. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालयें डोळ्यांनीं पाहिलीं, आणि १९१० सालीं विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या राज्यांत आणविलें. बॉर्डन तीन वर्षें राहिला. एवढ्या अवधींत त्यानें मध्यवर्ति ग्रंथालयाची घडी बसविली, गांवोगांवच्या ग्रंथालयांची योजना आंखली, आणि ग्रंथालयांत काम करणारांसाठीं शिक्षणाचा वर्ग काढला. हिंदुस्थानांत अशा प्रकारचा हा पहिलाच वर्ग होय. बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नांवाचें जें नियतकालिक १९१२ पासून निघत असे, त्यांत इंग्रजी व गुजराथीबरोबर मराठी मजकूरहि असे. बॉर्डनच्या मागून तेथील कार्यभार जनार्दन सखाराम कुडाळकर यांजकडे आला. कुडाळकरांचें नांव पुढें पुन्हां एकदां येईल. परंतु बडोद्याचें सारें कार्य राजाच्या इच्छेनें व राजाच्या खजिन्यांतून झालें. जेथें राजाचें पाठबळ नव्हतें तेथें लोकांनीं काय करावें, हा प्रश्न तसाच राहिला होता.

त्याचें पहिलें उत्तर आंध्रांनीं दिलें. १९१४ सालच्या एप्रिलांत बेझवाडा म्हणजे आजचें विजयवाडा येथें, तेलुगु भाषेंतील प्रख्यात लेखक चिलकमर्ति लक्ष्मीनरसिंहम् यांच्या अध्यक्षतेखालीं, गांवोगांवच्या ग्रंथालयांचे चालक एकत्र जमले आणि आंध्रदेशाचा ग्रंथालय-संघ स्थापन झाला. संबंध प्रांतासाठीं निघालेला असा संघ हिंदुस्थानांत यापूर्वीं नव्हता. अय्यंकि वेंकटरमणय्या हे या चळवळीचे प्राण होते. 'ग्रंथालय सर्वस्वमु' हें तेलुगु मासिक त्यांनीं चालविलें, आणि यात्रेकरूंप्रमाणें मेळे काढून एका गांवचे वाचक दुसऱ्या गांवचीं ग्रंथालयें पाहावयास नेण्याची चाल आंध्रांत पडली. या चळवळीस अनुकूल भूमि ज्यांनीं आधीं तयार केली त्यांपैकीं कोमर्राजु लक्ष्मणराव यांचा आपल्याशीं निकटचा संबंध होता हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्यांचें शिक्षण नागपुरास झालें, मराठींतहि ते लिहीत, आणि १९०६ सालीं त्यांनीं काढलेल्या विज्ञानचंद्रिका मंडळीनें तेलुगूंत शास्त्रीय व ऐतिहासिक पुस्तकांची माला प्रसिद्ध केली. १९१९ सालच्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस मद्रासेस अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिचे अध्यक्ष म्हणून बडोद्याहून आले ते वर सांगितलेले कुडाळकर. ग्रंथालय सप्ताह आपल्याकडे नोव्हेंबरच्या १४ तारखेपासून पाळतात, त्याचें मूळ या परिषदेंत आहे. त्या सप्ताहांत भाषणें करणारांपैकीं किती जणांस कुडाळकरांचें नांव ठाऊक असतें, हा प्रश्न विचारून कोणास अडचणींत टाकण्याची आमची इच्छा नाहीं.

आंध्रांचा संघ उत्साही होता, लोकांचा होता, आणि स्वभाषेंत बोलणारा होता. परंतु तो ग्रंथालयांचा संघ होता, ग्रंथपालांचा नव्हे. पुस्तकें असावींत, गांवांत तीं पोंचावींत, लोकांनीं वाचावें, एवढें त्याचें म्हणणें होतें. तीं पुस्तकें कपाटांत कोणत्या क्रमानें लावावींत, वाचकापर्यंत तीं कोणीं व कशीं न्यावींत, आणि हें काम करणारास काय शिकवावें व काय द्यावें, हे प्रश्न स्वतंत्रपणें पुढें यावयास आणखी चौदा वर्षें लागलीं.

हे प्रश्न ज्यानें पुढें आणले तो मनुष्य ग्रंथालयाच्या जगांत स्वेच्छेनें आलेला नव्हता. शियाळी रामामृत रंगनाथन् हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकवीत असत. १९२४ च्या जानेवारींत मद्रास विश्वविद्यालयाच्या पहिल्या ग्रंथपालाची जागा त्यांस मिळाली. पगार बरा होता. पण वर्ग भरवून शिकविण्याची ज्यास संवय, त्यास त्या निर्जन दालनांत करमेना. थोडेच दिवस लोटले तोंच ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे धांवत गेले आणि मला परत घ्या म्हणूं लागले. आधीं नेमणुकीच्या अटीप्रमाणें इंग्लंडास जाऊन या, परत आल्यावरहि कंटाळा कायम राहिला तर पाहूं, असें सांगून त्यांची बोळवण झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ग्रंथपालनाची शाळा होती. तेथें बेरविक सेयर्स या अध्यापकाच्या हाताखालीं ते शिकले आणि त्यांच्याच सल्ल्यानें तेथील पुष्कळ ग्रंथालयें हिंडून पाहिलीं. तेथें त्यांस दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही कीं, कामकरी, बायका, मुलें असे सर्व थरांतील लोक ग्रंथालयांत आपलें घर असल्याप्रमाणें येतात. दुसरी ही कीं, प्रत्येक ग्रंथालय आपापल्या रिवाजानें चालतें, आणि त्या सर्व रिवाजांच्या मुळाशीं कोणतें तत्त्व आहे हें कोणीच सांगत नाहीं. गणित्यास दुसरी गोष्ट खटकली. लंडनच्या एका मोठ्या दुकानांत मेकॅनो नांवाचें खेळणें त्यांनीं पाहिलें; तेच थोडेसे तुकडे निरनिराळ्या रीतीनें जोडून निरनिराळ्या आकृति उभ्या करतां येतात, हें पाहून ग्रंथांच्या वर्गीकरणाची कल्पना त्यांस सुचली, ही गोष्ट पुढें फार प्रसिद्ध झाली. १९२५ सालीं ते परतले. प्राध्यापकीची जागा त्यांनीं पुन्हां मागितली नाहीं.

अशा मनुष्याच्या खटपटीनें १९२८ सालच्या जानेवारींत मद्रास ग्रंथालय-संघ निघाला. अध्यक्ष के. व्ही. कृष्णस्वामी अय्यर हे वकील व सार्वजनिक कामांतील वजनदार गृहस्थ, चिटणीस रंगनाथन्. ही जोडी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संघांत वकील होते, अध्यापक होते, मोठमोठे अधिकारी होते; केवळ ग्रंथालयांतील नोकरांची ती संघटना नव्हती, आणि तशी ती झाली असती तर त्या काळीं तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नसतें. प्रतिष्ठितांनीं नांव व पैसा द्यावा आणि जाणकारानें काम करावें, अशी ही वांटणी होती. तिचे तोटेहि होते. ते पुढें सांगूं.

संघानें पहिलें काम केलें तें पुस्तकें छापण्याचें. १९२९ त ग्रंथालय-चळवळीवरील निबंधांचा एक संग्रह निघाला. त्यांत रवींद्रनाथ ठाकुरांचाहि लेख होता. त्या मालेंतील दुसरें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें, तें म्हणजे रंगनाथनांचें ग्रंथालयशास्त्राच्या पांच नियमांवरील पुस्तक. त्याचा पुरस्कार सर पी. एस्. शिवस्वामी अय्यर यांनीं लिहिला आणि उपोद्घात लंडनच्या सेयर्सनीं. एका प्रांतिक संघानें स्वतःच्या खटपटीनें छापलेलें हें पुस्तक पुढें जगभर ग्रंथपालांच्या शाळांत वाचलें गेलें, ही गोष्ट कोणत्याहि संघानें अभिमान बाळगावा अशीच आहे. त्यानंतर द्विबिंदु वर्गीकरण १९३३ त, सूचिलेखनाचे नियम १९३४ त व ग्रंथालयाच्या कारभारावरील ग्रंथ १९३५ त, असे एकामागून एक ग्रंथ त्याच मालेंत बाहेर पडले.

पांच नियमांविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण संघाचें सारें राजकारण त्यांत आहे. नियम इतके साधे आहेत कीं प्रथम वाचणारास यांत नवें काय असें वाटावें. पुस्तक हें जपून ठेवण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहे, हा पहिल्याचा आशय. हा नियम शब्दांत बसेना तेव्हां ख्रिश्चन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक एडवर्ड रॉस यांनीं तो चटकन् सुचविला, असें सांगतात. दुसरा नियम वाचकाच्या बाजूनें बोलतो आणि तिसरा पुस्तकाच्या; चौथा वाचकाचा वेळ वाया जाऊं नये म्हणतो; पांचवा ग्रंथालय हें सतत वाढणारें शरीर आहे याची आठवण देतो. रंगनाथनांनीं या नियमांस मनुष्यांप्रमाणें बोलावयास, भांडावयास लावलें आहे, आणि त्यामुळें रुक्ष विषयावरचें तें पुस्तक ठिकठिकाणीं नाटकासारखें वाचलें जातें.

पण खरी मौज पहिल्या नियमाच्या विवरणांत आहे. युरोपांतील जुन्या मठांत पुस्तकें सांखळीनें बांधून ठेवीत, तेथून ते आरंभ करतात. मग ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा, बांकें व कपाटें, असें एकेक घेत अखेर ग्रंथपालापाशीं येऊन थांबतात. आणि तेथें हा शांत गणिती चिडतो. पुस्तक वापरण्यासाठीं असेल तर तें राखणारा पहारेकरी कामाचा नाहीं. पुस्तक जाणणारा व मनुष्य जाणणारा माणूस पाहिजे. असा माणूस पाहिजे असेल तर त्यास विद्या पाहिजे, धंद्याचें शिक्षण पाहिजे, पोट भरेल असा पगार पाहिजे, आणि अध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा पाहिजे. पगाराची मागणी त्यांनीं नोकराच्या दुःखावर उभारली नाहीं, वाचकाच्या हक्कावर उभारली. ग्रंथपाल उपाशी राहिला तर पाप लागेल असें ते म्हणत नाहींत. तो अर्धशिक्षित व अर्धपोटीं राहिला तर तुमचीं पुस्तकें मेलेलीं राहतील, असें म्हणतात. मागणी मांडण्याची ही तऱ्हा आमच्या मतें संघानें ग्रंथपालांस दिलेलें सर्वांत मोठें शस्त्र होय. आमच्या गांवच्या त्या वृद्ध गृहस्थांनीं आपल्या अर्जांत घरच्या अडचणी लिहिल्या होत्या. वाचनालयाचें काय होईल हें लिहिण्याचें त्यांस सुचलें नाहीं, आणि तेंच तर पुढें झालें.

धंद्याचें शिक्षण पाहिजे म्हटल्यावर तें देणार कोण? सरकार देईना, विश्वविद्यालयासहि प्रथम त्याची आवश्यकता पटेना. तेव्हां १९२९ सालच्या उन्हाळ्यांत संघानें आपलीच शाळा काढली. दोनच वर्षांत, म्हणजे १९३१ त, ती विश्वविद्यालयानें आपल्याकडे घेतली, आणि १९३७ पासून पदवीधरांसाठीं वर्षाचा पदविकाक्रम तेथें सुरू झाला. बॉर्डनचा बडोद्याचा वर्ग याआधींचा, आणि १९१५ त लाहोरास डिकिन्सन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें पंजाब विश्वविद्यालयांत काढलेला वर्गहि आधींचा, हें खरें. परंतु ते वर्ग बाहेरून बोलाविलेल्या तज्ज्ञांनीं चालविलेले होते. येथें शिकविणारे आपलेच, शिकविण्याचे ग्रंथ आपलेच, आणि ते ग्रंथ छापणारा संघहि आपलाच, असा योग जुळून आला.

दुसरा नियम वाचकाच्या बाजूचा, असें वर म्हटलें. त्याच्या विवरणांत रंगनाथन् एकेका उपेक्षिताचा कैवार घेत जातात: श्रीमंतांप्रमाणें गरिबांसहि, पुरुषांप्रमाणें स्त्रियांसहि, शहराप्रमाणें खेड्यासहि, डोळसांप्रमाणें आंधळ्यांसहि, फार काय, भूमीवरील मनुष्यांप्रमाणें गलबतावरील खलाशांसहि पुस्तकें मिळालीं पाहिजेत. खेड्याविषयींचा हा आग्रह कागदावरच राहिला नाहीं. १९३१ च्या ऑक्टोबरांत तंजावर जिल्ह्यांतील मन्नारगुडी येथून एक बैलगाडी निघाली. कनकसभै पिळ्ळै या निवृत्त इंजिनिअरांनीं ती मुद्दाम बनविली होती. बाजू उघडल्या कीं आंतील फळ्यांवर मांडलेलीं पुस्तकें समोर येत. ही गाडी खेड्याखेड्यांतून फिरे, पुस्तकें देई, आणि ठरल्या दिवशीं परत येऊन तीं घेई. मोटारीवरील फिरतीं ग्रंथालयें आपण पुष्कळ पाहिलीं आहेत. पण आपल्याकडच्या रस्त्यांवर, आपल्याकडच्या पैशांत जें चालेल तें बैलगाडीचें, हा विचार आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

तंजावराचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकाचें मन सरस्वती महालाकडे वळल्यावांचून राहत नाहीं. १७९८ पासून १८३२ पर्यंत तेथें राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनीं संस्कृत, तमिळ, तेलुगु व मराठी पोथ्यांचा आणि युरोपीय ग्रंथांचा जो संग्रह केला, त्याची बरोबरी करणारे संग्रह हिंदुस्थानांत थोडेच. तो १९१८ सालीं राजघराण्याकडून सार्वजनिक झाला. एकाच जिल्ह्यांत एकीकडे भोसल्यांचा तो पोथ्यांचा खजिना आणि दुसरीकडे शेतकऱ्याच्या दारीं जाणारी ती गाडी; शिवाय रंगनाथनांचें जन्मगांव शियाळीहि त्या काळच्या तंजावर जिल्ह्यांतीलच. मराठी राजानें पुस्तकें जमविलीं, आणि त्याच मातींतल्या तमिळ ग्रंथपालानें पुस्तकें वाटावयास सांगितलें, असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं, कारण सरफोजींनीं जमविलें नसतें तर त्या पोथ्यांपैकीं पुष्कळ आज राहिल्याच नसत्या, आणि जपणाराचें ऋण वाटणाराहून कमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

संघाची सर्वांत लांबलेली लढाई कायद्याची होती. ग्रंथालय देणग्यांवर व वर्गण्यांवर चालावयाचें म्हणजे तें सदैव चालकांच्या मर्जीवर; शाळेप्रमाणें त्याचा खर्च करांतून निघाला तरच तें सर्वांचें होईल, असें संघाचें मत होतें. १९३० च्या अखेरीस काशीस अखिल आशियाई शिक्षण परिषद भरली, तेथें रंगनाथनांनीं ग्रंथालय-कायद्याचा एक नमुना मांडला. त्या धर्तीवर मद्रास कायदेमंडळांतहि प्रयत्न झाले, पण ते फळास येईनात. कराचें नांव काढलें कीं सदस्य दचकत. मग महायुद्ध आलें. १९४५ सालीं रंगनाथन् मद्रास सोडून काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गेले, आणि सतरा वर्षें ज्या चिटणिसानें संघ चालविला तो संघांतून गेला. अखेर ति. सु. अविनाशलिंगम् चेट्टियार शिक्षणमंत्री असतां १९४८ सालीं मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मंजूर झाला. स्वतंत्र भारतांतील हा पहिला ग्रंथालय-कायदा. (आपल्या कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच तसा कायदा केला होता, ही गोष्ट मद्रासकरांस आम्ही नम्रपणें सांगून ठेवतों.) या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर बसला, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय-मंडळें निर्माण झालीं, आणि १८९६ पासून चालत आलेलें कॉनिमेरा ग्रंथालय प्रांताचें मध्यवर्ति ग्रंथालय झालें.

आतां तोट्यांविषयीं. संघाचा इतिहास आणि रंगनाथनांचें चरित्र हीं १९४५ पर्यंत इतकीं एकजीव झालेलीं आहेत कीं त्यांतून संघ वेगळा काढून दाखविणें कठीण जातें. एका मनुष्याच्या अचाट कर्तृत्वावर उभ्या असलेल्या संस्थेचें जें होतें तेंच याहि संस्थेचें झालें. ते गेल्यावर तसा दुसरा उभा राहिला नाहीं. लग्नाच्या दिवशींहि दुपारीं ग्रंथालयांत कामावर हजर होणारा मनुष्य इतरांकडून काय अपेक्षा करीत असेल, याचीहि कल्पना करावी. त्यांच्या हाताखालीं काम करणें सोपें नव्हतें. दुसरें असें कीं संघाचीं मुख्य प्रकाशनें इंग्रजींत होतीं. त्यामुळें तीं लंडनास पोंचलीं. पण खेड्यांतील वाचनालयांत पुस्तकें देणारास त्यांचा काय उपयोग? या बाबतींत तेलुगूंतून लिहिणारे आंध्र बंधु अधिक दूरदर्शी होते असें आम्हांस वाटतें. आणि तिसरें, कायद्यानें ग्रंथपालास सरकारी वेतन मिळालें तसा सरकारी दप्तराचा फांसहि मिळाला. तरीहि हे दोष मांडतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. १९५७ च्या सुमारास रंगनाथनांनीं आपल्या आयुष्यभराच्या शिलकेंतून एक लक्ष रुपये मद्रास विश्वविद्यालयास दिले, आणि पत्नीच्या नांवानें ग्रंथालयशास्त्राचें अध्यासन स्थापन करविलें. ज्या जागेपासून ते एकदां पळून जाऊं पाहत होते, तिच्यासाठींच ही रक्कम गेली.

महाराष्ट्रानें निराळी वाट धरली. मुंबई सरकारनें १९३९ सालीं आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें १९४० त दिलेल्या अहवालांत मध्यवर्ति ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतच्या ग्रंथालयांची टप्प्याटप्प्यानें मांडणी होती, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतरचा आपला कायदा १९६७ चा. त्यांत उपकर नाहीं. लोकांनीं काढलेलीं ग्रंथालयें लोकांच्याच हातीं राहूं द्यावींत, सरकारनें त्यांस मान्यता व अनुदान द्यावें, असा त्याचा रोख आहे. शंभरदीडशें वर्षांच्या संस्थांचा मान राखणारी ही पद्धति आपल्या स्वभावास धरून आहे, आणि ग्रंथालयें गांवोगांव पसरलीं तीं तिच्यामुळेंच, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तिची किंमत कोण देतो? अनुदान संस्थेस मिळतें. त्यांतून पुस्तकें, जागा, वीज हीं जाऊन उरेल तें नोकराचें. मद्रासच्या जिल्हा ग्रंथालयांतील ग्रंथपाल निदान कोणाकडे दाद मागावी हें जाणतो. आपल्या अनुदानित वाचनालयांतील ग्रंथपाल चालकांकडे गेला तर ते सरकारकडे बोट दाखवितात, आणि सरकारकडे गेला तर सरकार चालकांकडे. ग्रंथालयांचे संघ आपल्याकडेहि झाले, आणि त्यांनीं पुष्कळ चांगलें काम केलें. पण त्यांच्या सभांतून नोकर बोलूं लागला म्हणजे चालकांस तो अजूनहि पाहुण्यासारखा वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

मागील वर्षीं पुष्कळ दिवसांनीं आमचें त्या तालुक्याच्या गांवीं जाणें झालें. वाचनालय जुन्याच जागेंत आहे. टेबलाशीं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या एक बाई होत्या. आम्हीं लहानपणीं वाचलेल्या एका प्रवासवर्णनाचें नांव सांगितलें. त्यांनीं संगणकावर पाहून तें कोणत्या कपाटांत आहे तें सांगितलें, आणि तेथें तें मिळालें. पुस्तकें आतां विषयवार लाविलेलीं आहेत. जुनी दाखल-नोंदवही पाहावयास मिळेल काय, असें विचारतांच त्यांनीं ती काढून दिली. त्या वृद्ध गृहस्थांचें वळणदार अक्षर आम्हीं लगेच ओळखलें. वहींत पेन्सिलीनें केलेल्या बारीक खुणा होत्या; त्यांचा अर्थ काय हें बाईंस उमगलेलें नव्हतें, आणि आम्हांसहि सांगतां आलें नाहीं. त्या वहींतील सुमारें चारशें पुस्तकांचा मेळ अजून बसावयाचा आहे, असें त्या म्हणाल्या. सुटीच्या दिवशीं येऊन तें काम त्या करीत असतात.